उरलेला अकरावा सेल

सेल अकरा. कौमुदीला हवेत सहा, झिपलाही हवेत सहा. वाटून दाखवा बघू.

चंद्रावरच्या आमच्या घरात त्या दुपारी हाच घोळ झाला होता. छतावरच्या सौरपाट्या धुळीनं झाकल्या होत्या, सेल चार्ज होईनात. माझी भाची कौमुदी, तिचा यंत्रमुंगूस ठेंगू मान टाकून पडलेला. संध्याकाळपर्यंत सहा सेल मिळाले नाहीत तर त्याची आठवण पुसली जाणार, मग तो कौमुदीलाही ओळखणार नाही. आणि परग्रहावरून आलेल्या झिपला आईच्या यानाला संदेश पाठवायचा होता. यान थोड्याच वेळात टप्प्याबाहेर जाणार. दोघांकडे पाच-पाच सेल, माझ्याकडे एक.

"पोकर खेळा," मी म्हणालो. "जिंकेल त्याला सगळे."

नियम सांगून पत्ते मीच वाटले. प्रत्येकाच्या हातात दोन, आणि मधोमध पाच उघडे, ते सगळ्यांचे. या सातांतली सगळ्यात भारी पाच पानं धरायची. मधे आले एक्का, राजा, गुलाम, नव्वी, चौकी. माझी पानं भिकार होती, मी टाकून दिली. माझा सेल मात्र पॉटमध्येच (डावावर लावलेल्या ढिगात) राहिला.

कौमुदीनं दाखवली एक्का-सत्ती. झिपनं एक्का-अठ्ठी.

"दोघांची एक्क्यांची जोडी," कौमुदी म्हणाली. "पण त्याचा इस्पिकचा आहे. तोच मोठा ना?"

"ते झब्बूत. इथे इस्पिक काय नि बदाम काय, सारखेच. जोडी सारखी असली की किकर (जोडी सोडून उरलेली पानं) बघायचे. आधी सगळ्यात मोठा, मग त्याखालचा."

तिनं आपल्या सत्तीकडे बघितलं, मग त्याच्या अठ्ठीकडे. "म्हणजे मी हरले," ती पुटपुटली आणि ठेंगूच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

मी सावकाश चहा ओतून घेतला.

"मामा, छळू नकोस. बोल ना."

"पानं किती धरायची?"

"पाच."

"मग मोज."

"दोन एक्के, राजा, गुलाम, नव्वी..." ती थांबली. "झाली पाच. अठ्ठी सहावी. म्हणजे ती बाहेर. माझी सत्तीपण."

झिपच्या कपाळावरचा दिवा फडफडला. "माझी आठ फुकट?"

"फुकट. नव्वीच्या जागी तिर्री असती तर तुझी अठ्ठी धरली गेली असती आणि ही गेली असती घरी. आता पाचही पानं सारखी, म्हणजे बरोबरी. पॉट निम्मा-निम्मा."

पाच इकडे, पाच तिकडे. मधे एक सेल उरला. दोघं त्याच्याकडे बघायला लागले.

"डावाआधीच सांगितलंय," मी म्हणालो. "उरलेला, वाटणाऱ्याच्या डावीकडे जो पहिला बसलाय त्याचा."

दोघांनी माझा डावा हात शोधला. तिथे कौमुदी होती.

तिनं भराभर सहा सेल बसवले. ठेंगूनं डोळे उघडले, तिचा हात हुंगला आणि ओळखीनं नाक घासलं. मग तिचं लक्ष झिपकडे गेलं. तो आपले पाच सेल पुन्हा पुन्हा मोजत होता.

"ठेंगू, शेपूट वर. झिप, त्याच्या शेपटीत अँटेना (लहरी सोडणारी तार) आहे. ती जोडली तर पाचात भागेल?"

झिपनं हिशेब केला. "लांब शेपूट, कमी सेल. भागेल."

खरखर झाली. खूप वेळ नुसती खरखर. मग झिपच्या भाषांतर-डबीतून आवाज आला, "जेवलास का रे?"

"नाही आई. आमची बरोबरी झाली."

त्यानं सगळा डाव सांगितला, अठ्ठीचं दुःख धरून. आई म्हणाली, "मी यान वळवून येतेच आहे. मलाही शिकवा. बसू कुठे?"

कौमुदीनं माझ्याकडे रोखून पाहिलं.

"मामाच्या डावीकडे, काकू."