मिशोबाईंच्या हंडीतलं बिननंबरी पिस्तूल

ओडेट मिशोने मातीच्या हंडीचं झाकण उचललं. आत पिस्तूल होतं.

"शनिवार म्हणून नेहमीसारखा घेवडा शिजवायला हंडी काढली, तर हे! हातही लावला नाही मी."

मर्टल बुशेने वाकून पाहिलं. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या त्या भागात खासगी तपास करणारी ती एकटीच. नवरा क्लेम तिची गाडी चालवी आणि चुकीचे अंदाज बांधी.

पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून अडकवलेली, नळी रिकामी, गोळ्यांचं मॅगझिन शेजारी. नंबर कुठेच नव्हता. सुटे भाग मागवून कुणीतरी घरी जुळवलेलं.

अशाच पिस्तुलाने ओडेटचा मुलगा लूक गेला होता. नंबर नसल्याने मारेकऱ्याचा माग लागलाच नाही. असं हत्यार बाळगणाऱ्याला तुरुंगात धाडणारं विधेयक आता आलं होतं. सोमवारी राजधानी ऑगस्टाला सुनावणी होती आणि ओडेट विधेयकाच्या बाजूने बोलणार होती.

"नंतर वर्तमानपत्राचा फोन आला; त्यांना निनावी पत्र आलंय, 'मिशोबाईंच्या हंडीत बघा' म्हणून. सुनावणीत सगळ्यांसमोर विचारणार आहेत. मग माझ्या लूकचं कोण ऐकेल?"

"या आठवड्यात स्वयंपाकघरात कोण कोण आलं?"

"तिघं."

मर्टलने रिकामं पिस्तूल बंद करून टेबलावर ठेवलं आणि तिघांना एकेक करून बोलावलं.

ओडेटचा दीर रेमंड बंदुकांचं दुकान चालवी. त्याने पिस्तूल उचललं, चापावर बोट ठेवून खिडकीवर रोखलं. "झकास जमवलंय! माझ्याकडून घेतलं असतं तर स्वस्तात दिलं असतं, वहिनी."

भाडेकरू डेनिस दारातच थबकली. "आधी ते झाका, मगच आत येते."

शेजारचे हॉलिस डायर पन्नास वर्षं गावातल्या मुलांना शिकारीचे नि बंदूक सांभाळायचे नियम शिकवत आले होते. "या खेपेला घेवड्यात काकवी कमी घाल हं, ओडेट," म्हणत त्यांनी पिस्तूल घेतलं, स्लाइड मागे अडकवली, नळीत डोकावून पाहिलं आणि ते उघडंच टेबलावर ठेवून दिलं.

"रेमंडच!" क्लेम कुजबुजला.

"क्लेम, तू गप्प बस." मर्टलने तिघांना एकत्र बसवलं. "रेमंड हत्यार उचलतो आणि आधी चापावर बोट ठेवतो. डेनिस जवळही जात नाही. पण हंडीतलं पिस्तूल रिकामं करून उघडं ठेवलेलं होतं. दुसऱ्याला गोवतानाही ज्याला बंद हत्यार माणसांच्या घरात ठेववत नाही, असा इथे एकच आहे. हॉलिस, आत्ता गप्पा मारता मारता तुम्ही तेच केलंत."

हॉलिसनी आपल्या हातांकडे पाहिलं.

"माझ्या तळघरात तशी चार आहेत," ते हळूच म्हणाले. "मीच जुळवलेली. हे पाचवं. कायदा झाला तर या वयात मी गुन्हेगार. वाटलं, ओडेट, तू बोलली नाहीस तर..."

"कमाल आहेस तू, मर्टल!" क्लेम म्हणाला.

ओडेटने मात्र डोळे पुसले. "सोमवारी साडेसातला मी निघणार, हॉलिस. गाडीत बसा. हे तुमच्या तोंडून सांगा."

ऑगस्टाला प्रत्येकाला तीन मिनिटं होती. हॉलिस ताठ उभे राहिले.

"मी हॉलिस डायर. मी विधेयकाच्या विरोधात आहे. पण मिशोबाईंच्या घरात सापडलेलं पिस्तूल माझं. मीच ठेवलं, पत्रही मीच लिहिलं. त्यांचा काही दोष नाही." "माझी दोन मिनिटं उरलीत. ती त्यांना द्या."

अध्यक्षबाईंनी टेबलावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग ते उलटं करून ठेवलं.

"बोला, मिशोबाई."