लाल सायकलवाल्याची बाटली

राहू दे पोरी, ते पाणी ओतू नकोस. उद्या घाट चढायचाय म्हणून ओझं कमी करतेयस, कळतं मला. तुम्ही सायकलवाले सगळे एका माळेचे मणी. वजन नको म्हणून टूथब्रशचा दांडासुद्धा कापून टाकता. पण बस जरा. तूही बस रे. एका माणसाची गोष्ट सांगतो. आणि भूत फक्त रात्रीच दिसतं असं ज्याला वाटतं, त्यानं नीट ऐकावी.

गेल्या वर्षीची, अकरा मे, रविवार. आर्विड आणि त्याची बायको लोर्ना, कॅनडाचे, पन्नाशीचे. सायकलवर मेक्सिकोत शिरून त्यांना सहाच दिवस झाले होते. घाटाच्या पलीकडच्या गावात त्यांनी सकाळी पोटभर बीन्स नि टॉर्टिया खाल्ल्या, सात लिटर पाणी भरलं आणि इकडे यायला निघाले. आदल्या दिवशी आमच्याकडचा मातृदिन झालेला. अख्खा मुलूख खाऊनपिऊन लोळत पडलेला, रस्त्यावर एक ट्रक नाही. आर्विडला वाटलं, आज रस्ता आपल्या बापाचा.

दुपारी साडेबाराला, घाटाच्या पायथ्याशी, समोरून एक सायकल आली. लाल रंगाची, सामानानं लादलेली. लादलेल्या दोन सायकली भेटल्या की थांबायचं, पुढचं पाणी, वारा, कुत्री एकमेकांना सांगायची, हा तुमचा रिवाज. त्यात कुणी थापा मारत नाही.

"पुढे पाणी मिळेल?" आर्विडनं विचारलं.

"तीस किलोमीटरवर चेमाचं दुकान आहे. बर्फसुद्धा देतो तो. एवढी टाकी घेऊन कुठं चढताय?" तो माणूस हसला. "चेमाला सांगा, वॉल्टर मजेत आहे."

तो गेला. आर्विडनं चार लिटर रस्त्याकडेला ओतले.

"असू दे की रे," लोर्ना म्हणाली.

"एक लिटर म्हणजे एक किलो. अर्ध्या घाटात तूच रडशील."

त्या उन्हात वॉल्टरच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता. हे त्यांच्या लक्षात आलं ते फार उशिरा.

साडेतीनला पाणी संपलं. चारला लोर्नाचा घाम थांबला आणि ती काहीबाही बोलायला लागली. "आईकडचा नळ चालू राहिलाय. बंद कर ना." आर्विडनं तिला रस्त्याखालच्या मोरीत, सावलीला नेऊन निजवलं. तिनं त्याचा शर्ट घट्ट धरून ठेवला होता. त्यानं एकेक बोट सोडवलं.

"बर्फ घेऊन येतो. इथून हलू नकोस."

बारा किलोमीटर राहिले होते. सगळं सामान टाकून तो निघाला, अर्धा वेळ सायकल ढकलत. नंतर मला म्हणाला, पाणी ओततानाचा तो आवाज कानातून जाईना. आपल्या हातानं मारलं मी तिला, एवढंच डोक्यात.

सात वाजता दुकान आलं.

दाराला फळ्या ठोकलेल्या.

आत आडवा पडलेला फ्रिज. वाळू.

त्यानं हाक मारली. कुणी नाही. पुन्हा मारली. मग त्या फळ्यांवर डोकं आपटत राहिला...

टेकडीमागच्या या घरात माझ्या कुत्र्यानं ते ऐकलं. मी धावत गेलो.

"चेमाचं दुकान..." तो म्हणाला. "माझी बायको..."

दुकान बंद करून मला सोळा वर्षं झाली होती. मी गाडीत पाण्याचे कॅन टाकले. वाटेत विचारलं, "दुकान चालू आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"वॉल्टरनं. लाल सायकल. मजेत आहे म्हणून सांगा म्हणाला."

मी गाडीचा वेग वाढवला.



मोरीपाशी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. आर्विड गाडीतून उतरेना. "तुम्ही बघा," म्हणाला. "माझ्यानं..."

मी बॅटरी घेऊन वाकलो.

लोर्ना बसली होती. केस ओले. गळा ओला.

"तो परत आला होता," ती म्हणाली. "माझं चुकलं म्हणाला. मग पाजत राहिला. बाटली संपेचना त्याची..." ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही चेमा ना? तो म्हणाला, चेमाला बोल लावू नका. त्यालाही माहीत नव्हतं."

तिथंच वाळूत बसलो मी.

सोळा वर्षांपूर्वी वॉल्टर माझ्या दुकानातून उत्तरेला निघाला होता. घाटाखाली तोन्याची विहीर आहे, म्हटलं, एवढं ओझं कशाला? माझ्या दारातच पाणी ओतलं त्यानं. ती विहीर आटून तीन महिने झाले होते. मी बघायला गेलोच नव्हतो. ती कोरडी दिसल्यावर तो माघारी वळला, माझ्याकडे यायला. तिसऱ्या दिवशी सापडला. त्याच मोरीत. त्याला विहिरीचं कुणी सांगितलं, हे मी पोलिसांना नाही सांगितलं. बायकोलाही नाही.

लोर्नाच्या हातात त्याची बाटली राहिली होती. ती बघ, दारामागं, खिळ्यावर. काढ. उलटी धर. तळाला भेग आहे ना, दोन बोटं जातील एवढी?

भरून बघ हवं तर, थेंब राहत नाही.

मी रोज भरून बघतो.