निवण्याची रेघ

शुक्रवारी सकाळी दहा वाजता शवागारातल्या मदतनीस लिंगय्यानं फळ्यावर खडूनं पहिला आकडा लिहिला. सत्तावीस. बाहेर कॉफीच्या मळ्यांवर धुकं होतं. शवागाराच्या भिंतीवरचा तापमापक वीस अंश दाखवत होता, आणि डॉ. नीलम्मा पेल्यातली कॉफी फुंकत खिडकीशी उभ्या होत्या.

टेबलावर होन्नम्मा. वय बत्तीस, मळ्यावरची मजूर. पहाटे शेजारणीला ती खोलीत निपचित पडलेली दिसली. गळ्यातलं नाजूक हाड मोडलेलं. नवरा पुट्टस्वामी रात्रभर त्याच खोलीत झोपला होता. फौजदार उत्तय्यांच्या लेखी प्रकरण तिथंच मिटलं होतं. त्यांना फक्त मरणाची वेळ हवी होती, आणि तीही गुरुवारी रात्री दहाच्या सुमाराची.

वेळ काढायची नीलम्मांची रीत वीस वर्षांची. दर पाव तासाला यकृताचं तापमान, असे सहा तास. मग ठिपक्यांमधून जाणारी निवण्याची रेघ. ती मागं मागं नेऊन सदतीस अंशांना भिडवली, की माणूस गेला ती घटका सापडते. शिकाऊ डॉक्टरांना त्या बजावायच्या, "आर-स्क्वेअर एकच्या जवळ आला म्हणून हुरळू नका रे. रेघ चपखल बसली एवढंच तो सांगतो, खरी आहे असं नाही. ठिपके रेघेच्या वर-खाली कसेही विखुरलेत ना, ते बघा. आणि शेवटी, उत्तर या जगातलं आहे का, तेही बघा."

चार वाजता शेवटचा आकडा आला. सव्वीस पूर्णांक चोपन्न. सहा तासांत जेमतेम अर्धा अंश.

"ही निवतच नाही की काय, अम्मा?" लिंगय्या पुटपुटला.

नीलम्मांनी आकडे संगणकात भरले, खोलीचे वीस अंश पक्के धरले. आर-स्क्वेअर ०.९९८. ठिपके रेघेच्या दोन्ही बाजूंना, कुठे गठ्ठा नाही. इतक्या तुटपुंज्या उतारावरून वेळेचा अंदाज दोन दिवस तरी इकडेतिकडे व्हायला हवा होता. झाला तो फक्त वीस मिनिटं.

मंगळवार, पहाटे चार.

त्यांनी दुसरा तापमापक मागवला, पुन्हा रेघ काढली. मंगळवार, पहाटे चार.

उत्तय्या कागद पाहून मोठ्यानं हसले. "मॅडम, तुमचा आलेख म्हणतो मंगळवार. मग काल संध्याकाळी कॉफीच्या फळांचं पोतं वजनाला कुणी आणलं? बुधवारी दुपारी राममंदिरात हरिकथेला चाळीस माणसांत कोण बसली होती? हिचं भूत?"

"मंगळवारी पुट्टस्वामी कुठं होता?"

"मंगळूरला, मळ्याच्या लॉरीवर. बुधवारी दुपारी परतला. म्हणून तर म्हणतो, मंगळवार लिहिलात तर तो सुटला. आणि जज्जांपुढं तुमचं हसं."

नीलम्मा बाहेर आल्या. पायरीवर पुट्टस्वामी बसला होता, शेजारी शिपाई.

"बुधवारी घरी आलास तेव्हा कशी होती ती?"

"गार होती, अम्मा. म्हटलं, पाण्यातून आली असेल. तसेच दोघं हरिकथेला गेलो. कथा सांगणारे दास म्हणाले, रामनामाला टाळ्या वाजवा. सगळ्यांनी वाजवल्या, तिनंही वाजवल्या. मी शेजारीच होतो. आवाज आला नाही."

"आणि काल?"

"काल अजून गार. मला वाढलं, स्वतः जेवली नाही. म्हणाली, तुम्ही आलात ना, आता बरं आहे. मी आपली घोंगडी घातली तिच्या अंगावर."

"अरे, मग कुणाला सांगायचंस तरी!"

"काय सांगू, अम्मा? बायको गार आहे म्हणून?"

देवा, या माणसानं तिला मारलेलं नाही. नीलम्मांना ते कळलं, अगदी आतून कळलं. त्या खुर्चीवर येऊन बसल्या. वीस वर्षांची साक्ष, कधी कुणी खोडून न काढलेली. आणि खाली सही करायची, की मेलेली बाई तीन दिवस चालत होती.

त्यांनी मरणाची वेळ गुरुवार रात्री दहाला जखडून टाकली आणि खोलीचं तापमान मोकळं सोडलं. यंत्रानं मुकाट्यानं नवी रेघ काढली. आर-स्क्वेअर ०.९३. कोर्टात कुणीही मान डोलावेल. ठिपके मात्र आधी सगळे रेघेखाली, मग सगळे वर, मग पुन्हा खाली. आणि ती रेघ जुळावी म्हणून खोली सव्वीस पूर्णांक चार अंशांची ठरली होती. त्याच्याखाली देह उतरणारच नाही.

भिंतीवर वीस होते.

"कोण विचारतंय खोलीचं?" उत्तय्या म्हणाले.

नीलम्मांनी सही केली. जीप पुट्टस्वामीला घेऊन घाट उतरली. होन्नम्माला शीतपेटीत सरकवलं, चार अंशांत.

शनिवारी सकाळी लिंगय्या दारातच थांबला. "अम्मा, जरा येता?"

सव्वीस पूर्णांक चार.

पेटी चालू होती. बाजूच्या खणातल्या म्हाताऱ्याचं अंग दगडासारखं थंडगार होतं.

रविवारी, सव्वीस पूर्णांक चार.

सोमवारी नीलम्मांनी पोलीस ठाण्यात फोन लावला. "उत्तय्या, तो अहवाल परत पाठवा. चूक आहे माझी."

"कसली चूक, मॅडम? सकाळीच कोर्टात दाखल झाला. सरकारी वकील खूश आहेत, डॉक्टरीणबाईंचा आकडा चांगला आलाय म्हणाले. आता फिरवलात, तर जज्ज विचारतील कोणता खरा. मंगळवार सांगणार आहात?"

नीलम्मांनी फोन ठेवला. लिंगय्यानं सोमवारच्या तापमानाचा कागद पुढं केला. त्यांनी तो आकडा शुक्रवारच्या सही केलेल्या आलेखावर मांडला, त्याच्या मागं शनिवारचा, रविवारचा.

तिन्ही ठिपके रेघेवर बसले. वर नाहीत, खाली नाहीत.