खिळ्यावरची रोटी

खिळ्यावरची रोटी खाली काढायची नाही आणि ती किती उरली हे बघायचं नाही. आमच्या सरीकेंतमध्ये मूल नीट बोलायला लागण्याआधी त्याला हे शिकवतात. का, असं मी नऊ वर्षांची असताना विचारलं होतं. आत्याने उत्तर म्हणून जर्दाळूची बी माझ्या तोंडात कोंबली आणि म्हणाली, आधी ही फोड. ती फोडताना माझ्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला. तो अजून तसाच आहे, आणि प्रश्नही.

रीत तशी साधी. घरातलं कुणी लांब निघालं की त्याने उंबऱ्यात उभं राहून ताज्या रोटीचा एक घास दातांनी तोडायचा. उरलेली रोटी बैठकीच्या भिंतीवर खिळ्याला टांगायची. माणूस परतला की त्यानेच ती भिजवून संपवायची. रोटी खिळ्यावर आहे तोवर माणूस वाटेवर आहे, असं म्हातारे म्हणतात. मी नदीपलीकडच्या वैद्यकशाळेत चार वर्षं शिकत होते. माझी रोटी चार वर्षं भिंतीवर होती. आल्यावर खाल्ली तेव्हा ती लाकडासारखी लागली, पण माझ्या एका घासाखेरीज तिचा कणही कमी झाला नव्हता.

मी परत आले ती अळणी तापामुळे. या तापात आधी काही दुखत नाही, फक्त मीठ लागत नाही. माणूस सकाळी चहाबरोबर रोटी मोडतो आणि बायकोला म्हणतो, आज मीठ विसरलीस. तिसऱ्या दिवशी जीभ राखेसारखी करडी होते, पाचव्या दिवशी श्वास थांबतो. त्या उन्हाळ्यात सरीकेंतमध्ये कुणी कुणाला ‘बरं आहे ना’ विचारत नसे. ‘मीठ लागतंय ना’, असंच विचारत. ज्याला लागत नाही त्याला त्याच दुपारी वेशीबाहेरच्या विटांच्या सराईत नेऊन सोडत. जाताना उंबऱ्यात एक घास. तिथून कुणी परतलं नाही. आणि शहरात कुणी रडतही नव्हतं, कारण प्रत्येकाच्या बैठकीत रोट्या टांगलेल्या होत्या. सगळे वाटेवर होते.

माझी आई मी पोचायच्या आदल्या दिवशी सराईत गेली. वडील आम्ही लहान असतानाच वारले, त्यामुळे घरात उरलो आम्ही चौघं: इर्गश आजोबा, आत्या, माझी आठ वर्षांची बहीण लोला आणि मी.

आई गेल्याच्या नवव्या दिवशी मी पिठाची चाळणी आणायला बैठकीत गेले. दुपार होती. आमच्याकडे ऐन उन्हाळ्याच्या चाळीस दिवसांत दुपारी गल्लीत कुत्रंही नसतं. लोक दारं लावून आत पडतात, आणि उन्हाचाच एक बारीक आवाज येत राहतो, तापलेल्या मातीचा. बैठक थंड आणि अंधारी होती. रोगराई दूर ठेवायला जाळलेल्या इस्पंदाच्या बियांच्या धुराचा कडू वास होता. आईची रोटी खिळ्यावर होती. मध्यभागी तिने नेहमीसारखं टोचून काढलेलं आठ पाकळ्यांचं फूल, आणि कडेला एक घास.

एक नव्हे. कडेला पाच घास होते.

उंदीर, असं मी स्वतःला सांगितलं. चार वर्षं शिकून आलेल्या मुलीने दुसरं काय सांगायचं? मी चुलीतला कोळसा आणला आणि रोटीच्या कडेने भिंतीवर रेघ ओढली. वर चाळणी उपडी घातली आणि चारी बाजूंनी दोरा आवळून गाठी मारल्या. आत्या दारात येऊन उभी राहिली होती. म्हणाली, “चार वर्षं पुस्तकं चाळून आली, आता रोटीची नाडी बघतेय.” मग जवळ आली, आणि तिचा आवाज खाली गेला. “नोदिरा… मोजू नकोस. मोजलं की त्यांना कळतं.”

कुणाला, ते तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाठी तशाच होत्या. रोटीची कड मात्र रेघेपासून दोन बोटं आत गेली होती. मी चाळणी सोडून घासांचे ठसे नीट पाहिले. पहिला आईचा, मी ओळखते. बाकीचे आईचे नव्हते. एक रुंद, मोठ्या जबड्याचा. एक इवलासा, दुधाच्या दातांचा. आणि एकात दातच नव्हते, कड नुसती हिरड्यांनी चघळून ओली केल्यासारखी होती. हात लावून पाहिला. अजून ओलीच होती.

त्या दुपारी मी चाळणी पुन्हा बांधली, दार आतून लावून घेतलं आणि रोटीसमोर बसले. बराच वेळ काही नाही. मग चाळणीच्या आतून आवाज आला. वाळलेलं काहीतरी सावकाश चावल्याचा. माणूस भुकेला असला की असं चावत नाही. पुरवून खायचं असलं की चावतो. चाळणीच्या भोकांतून बारीक कण गालिच्यावर पडले.

“आई…?” मी म्हटलं.

चावणं थांबलं. इतकं शांत झालं की बाहेरच्या मातीचा आवाजही गेला. मग माझ्या मागे, कानाला लागून, कुणीतरी घास गिळला.

दार उघडून मी अंगणात कशी पोचले ते आठवत नाही. उन्हात उभी राहिले तरी पाठ गार होती.

शेजारची बिबिसोरा आमच्या दोन घरांमधल्या कुंपणाच्या फटीतून बोलते. तिच्याकडून मला बाकीचं कळलं. आतलं फूल खाऊन संपलं की घरातल्या आणखी कुणाचं तरी मीठ जातं, कुणाचंही. म्हणून म्हातारी माणसं फूल संपू देत नाहीत. घरातल्या धडधाकट माणसाला नव्या रोटीचा घास तोडायला लावतात आणि ती जुनीच्या जागी टांगतात. मग घर काही दिवस वाचतं. आणि ज्याने घास तोडला त्याचं काय, असं मी विचारलं. तिच्या सुनेने तोडला होता. आठ दिवसांत सुनेच्या रश्श्यातलं मीठ गेलं होतं. मोहल्ल्यात आजवर घास तोडला तो सुनांनी, मुलींनी आणि एका खुळ्या भाच्याने. दाढी पांढरी झालेल्या एकानेही नाही.

मी तशीच आजोबांकडे गेले आणि हे खरं का, असं तोंडावर विचारलं. वैद्यकशाळेत मोठ्यांपुढे आवाज कसा ठेवावा हे शिकवत नाहीत का, असं त्यांनी उलट मला विचारलं.

बाराव्या दिवशी आईच्या रोटीचं नुसतं फूल उरलं, तेही सहा पाकळ्यांचं. त्या सकाळी आत्याने लोलाला न्हाऊ घातलं. सणाला घालतात तशा तिच्या केसांच्या चाळीस वेण्या घातल्या. आत्याची एकही वेणी चुकली नाही. लोला खूश होती. पाहुणे येणार का, असं विचारत होती.

पाहुणे आले. होशिमबाबा, मोहल्ल्यातले सगळ्यात म्हातारे, आणि त्यांच्यामागे आणखी दोघे. बैठकीत गालिच्यावर बसले, चहा घेतला, जर्दाळू खाल्ले. आजोबा खाली मान घालून त्यांच्याशेजारी बसले. आत्याने तंदूरमधून काढलेली रोटी कापडात गुंडाळून आणली आणि मध्ये ठेवली. वाफेने कापड ओलं झालं होतं.

“ये, लोला,” होशिमबाबा म्हणाले. “एवढासा घास तोड. मोठा नको.”

“तिलाच का?” मी विचारलं.

होशिमबाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. आजोबांनी गालिच्याकडे बघतच उत्तर दिलं, अगदी हळू, हिशोब समजावून सांगावा तसं. “लहान तोंडाचा घास लहान असतो, पोरी. रोटी जास्त दिवस पुरते.”

लोलाचे हात रोटीपर्यंत गेले होते. मी पुढे झाले, रोटी उचलली आणि बहिणीला माझ्या मागे ओढलं.

“ती चावणार नाही,” मी म्हटलं. “मी चावणार नाही, आणि आत्याही नाही. उद्या सकाळी मी लोलाला घेऊन नदीपलीकडे जाणार आहे. उंबऱ्यात आम्ही कसलाच घास तोडणार नाही. आणि तुम्हा चौघांना घर वाचवायचं असेल तर ही घ्या रोटी. तुमच्यापैकी एकाने तोडा.”

होशिमबाबा हसले. त्यांचं रिकामं तोंड दिसलं. “आम्हाला दात कुठे आहेत, नोदिरा?”

“दात नसलेल्या तोंडाचा घास आहे आईच्या रोटीवर,” मी म्हटलं. “मी पाहिलाय. त्यांना चालतं.”

आधी होशिमबाबांचं हसू गेलं. मग शेजारच्या दोघांचं पुटपुटणं थांबलं. मग चहाच्या वाटीवर वाजणारं आजोबांचं नख. आत्याने पदर तोंडाशी धरला. इतक्या वर्षांत या बैठकीत म्हाताऱ्यांना गप्प झालेलं मी पाहिलं नव्हतं, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मी आणखीही बोलणार होते.

पण त्यांच्यातलं कुणीच माझ्या तोंडाकडे बघत नव्हतं. सगळे माझ्या हाताकडे बघत होते.

आत्याने रोटी आणली तेव्हा ती अख्खी होती. माझ्या हातातल्या रोटीची एक कड गेली होती. घास ताजा होता, आतून अजून वाफ येत होती. दातांची रांग सरळ उमटलेली, फक्त पुढच्या एका दाताखाली कोपऱ्याएवढा कण तुटायचा राहून गेला होता.

लोलाने माझी बाही ओढली.

“ताई… तू काय चावतेयस?”

काही नाही, असं सांगायला मी तोंड उघडू गेले, तेव्हा कळलं की तोंड भरलेलं आहे.

मीठ लागतंय ना, एवढंसुद्धा म्हाताऱ्यांपैकी कुणी विचारलं नाही.