बेअरिंग, एक नग, नवे

कागद कारखान्यात फिटरच्या कानाला मॅनेजरच्या सहीपेक्षा जास्त मान होता, आणि हे मॅनेजर स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. ओला कागद सुकवायचं यंत्र तिथे आगगाडीएवढं लांब होतं. रोलरमागून रोलर, आणि प्रत्येक रोलरच्या दोन टोकांना दोन बेअरिंगं. फिटर हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. मग निकाल द्यायचा, "हे अजून दोन वर्षं हूं की चूं करणार नाही. ते पलीकडचं मात्र गुरुवारपर्यंत."

आणि ते गुरुवारी जायचं. एकदा एक शुक्रवारी गेलं, तर फिटरने दोन दिवस कॅन्टीनमध्ये तोंड दाखवलं नाही.

"यंत्रांचं बरं ऐकू येतं," बायको म्हणायची. "मी तीनदा हाक मारली ती?"

"तुझं बेअरिंग ठणठणीत आहे," तो म्हणायचा. "त्याला काय कान लावायचा!"

अशा माणसाच्या कानात एका मंगळवारी, दाढी करता करता, आवाज सुरू झाला. बारीक, उंच, सलग. त्याने नळ बंद केला, आवाज चालू. फ्रीजचा प्लग काढला, तरी चालू. मग बाहेर येऊन तो विजेच्या मीटरला कान लावून उभा राहिला. शेजारणीने विचारलं, "काही हरवलं का हो?"

"नाही, सापडलंय," तो म्हणाला. "कुणाचं आहे ते बघतोय."

ते त्याचंच होतं. डॉक्टरांनी दोन्ही कानांत दिवे घालून पाहिलं, तपासण्या केल्या आणि सांगितलं, "सगळं ठीक आहे. आवाज राहील. सवय करून घ्या." चांभाराला सांगावं की बाबा, यापुढे हातांशिवाय चपला शिव, तसलाच प्रकार. पण फिटर मानी. कारखान्यात त्याने ताकास तूर लागू दिली नाही. दोन महिने तो स्क्रूड्रायव्हर लावून नुसता डोळे मिटायचा आणि अंदाजाने निकाल ठोकायचा. तीन निकाल चुकले. चौथा चुकला असता तर रोलरसकट कुणाचा तरी हात गेला असता.

बायकोला न सांगताही कळलं, कारण कानातला आवाज झाकायला नवरा धड कुठल्याच स्टेशनला न लावलेला, नुसता खरखरणारा रेडिओ ऐकत बसायला लागला होता. ती वाचनालयात काम करायची. हवं ते नेमकं शोधून काढणं हा तिचा हातखंडा. चार दिवसांत तिने कानात आवाज येणाऱ्या माणसांचा एक ग्रुप शोधला आणि फोन त्याच्या हातात दिला. ग्रुपचं नाव 'कानकरी'. सभासद, त्याला धरून, एकशे साठ.

"रडगाणी असतील," फिटर म्हणाला.

"असू देत. तुमच्या कानातल्या गाण्यापेक्षा बरी."

पण तिथे रडगाणी नव्हती. तिथे होता ठसेवाला. या गृहस्थाचा जन्म रेडिओ केंद्रात आवाजाची बटणं फिरवण्यात गेला होता, आणि निवृत्तीनंतर त्याने एकच उद्योग धरला होता. नवा सभासद आला की तो त्याला शिंप्याने माप घ्यावं तसे प्रश्न विचारायचा. उंच किती? ओला की कोरडा? काचेवर बोट फिरवल्यासारखा की तारेतून वारा गेल्यासारखा? तीन दिवस खपून तो हुबेहूब तोच आवाज तयार करून पाठवायचा. त्याला म्हणायचं 'ठसा'. दर रविवारी सकाळी प्रत्येकाने आपला ठसा पुन्हा तपासायचा, वाढला-घटला ते सांगायचं, की ठसेवाला नवा काढून देणार. ग्रुपचा रिवाजच तो.

फिटरचा ठसा आला तेव्हा त्याने हेडफोन बायकोच्या कानांवर चढवले. ती हसत होती. मग हसायची थांबली. थोड्या वेळाने तिने हेडफोन काढले आणि टेबलावर अगदी हळू ठेवले.

"हे थांबतं कधी?"

"थांबत नाही."

 त्या दिवसापासून ती हाक मारायची नाही. जवळ येऊन खांद्याला हात लावायची. फिटरने डॉक्टरचं बिल विनातक्रार भरलं होतं, खांद्यावरच्या त्या हाताने मात्र त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आपलं दुखणं दुसऱ्याला ऐकवता येतं, ही गोष्टच त्याला ठाऊक नव्हती.

आणि तिथे शिंपीणबाई होत्या. शाळांचे गणवेश शिवायच्या, कानात अकरा वर्षांचा आवाज, आणि जीभ कात्रीसारखी. फिटरने एकदा धीर करून नोकरीची गोष्ट लिहिली, तर लगेच त्यांचा फोन आला.

"फिटरदादा, कान गेला तर दात कुठे गेलेत? मी मशीनच्या फळीला कोपर टेकवून बसते. सुई बोथट झाली की आधी कोपराला कळतं, मग मला. तुम्ही ती मूठ दातांत धरून बघा की!"

दुसऱ्या दिवशी त्याने स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरली. जबड्यातून थेट डोक्यात बेअरिंग बोलायला लागलं, पूर्वीपेक्षाही स्वच्छ. त्याने एका पाळीत तीन आजारी बेअरिंगं पकडली.

"हे काय, आज दातांनी?" मॅनेजरने विचारलं.

"कानाने नुसतं कळायचं," फिटर म्हणाला, "आता चवही कळते."

त्याचा मान परत आला, तो शिंपीणबाईंच्या एका फोनमुळे. तो हे ग्रुपवर छाती काढून सांगायचा. तिथे प्रत्येकाचंच असं काहीतरी होतं. कुणी परीक्षेला बसला होता, कुणी पुन्हा गायला लागली होती. एकशे साठ माणसं एकमेकांच्या पाठीवर थाप मारत होती, आणि सगळ्यांत जोरात फिटर.

मग ग्रुपमधल्या एका बसड्रायव्हरचा आवाज थांबला.

ड्रायव्हर सकाळी लिहून गेला, "थांबला! एकदम थांबला!" ग्रुपवर फुलांचा पाऊस पडला. त्याच दिवशी दुपारी त्याने गाडी स्टँडात नीट लावली, हँडब्रेक ओढला आणि सीटवर बसल्या बसल्या गेला. एकाही प्रवाशाला ओरखडा नाही. "शेवटपर्यंत ड्रायव्हर," सगळ्यांनी अभिमानाने लिहिलं, आणि बरेच दिवस कुणी दुसरं काही लिहिलं नाही. त्याच्या मुलाने त्याचं नाव ग्रुपमधून काढून घेतलं. नवा माणूस येऊन संख्या पुन्हा एकशे साठ झाली, पण नव्याच्या आवाजाची जात वेगळी होती.

ग्रुपला पाच वर्षं झाली म्हणून ठसेवाल्याने एक भेट तयार केली. सगळ्यांचे ठसे, खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत ओळीने लावून, एकत्र. "कर्कश होईल," त्याने आधीच बजावलं. "पण एकदा जगाला कळू दे."

कर्कश झालं नाही. उलट लोकांनी लिहिलं की ऐकून बरं वाटतं, कसलीतरी ओळख पटते. फिटर स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत होता. त्याने चहाचा कप न पिताच खाली ठेवला.

ते यंत्र होतं.

एकशे साठ बेअरिंगं, एका तालात. एवढं मोठं यंत्र त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. आणि ते रिकामं फिरत नव्हतं. यंत्र रिकामं फिरतं तेव्हा हलकं गुणगुणतं. मालावर असतं तेव्हा दाबून, भरल्या आवाजात चालतं. हे मालावर होतं. त्यातून काहीतरी सारखं पुढे जात होतं.

ओळीत एका जागी खड्डा होता. ड्रायव्हरची जागा. एक बेअरिंग गेलं की त्याचा भार शेजारच्यावर पडतो, हे कारखान्यातला झाडूवालासुद्धा सांगेल. फिटरने श्वास रोखून शेजारचा आवाज ऐकला. त्यात वाळूचा कण पडल्यासारखी बारीक खरखर होती.

त्याने ठसेवाल्याला फोन लावला. "ड्रायव्हरच्या वरच्या सुराला कोण आहे?"

"शिंपीणबाई. का?"

"आणि ड्रायव्हरचे शेवटचे ठसे पाठवा. सगळे."

ते आले. तीन आठवड्यांचे तीन. पहिल्यात कण, दुसऱ्यात वाळू, तिसऱ्यात खडे. त्यानंतर शांतता आणि फुलांचा पाऊस.

"शिंपीणबाईंच्या आवाजात वाळू आहे," फिटर म्हणाला.

ठसेवाल्याने तो ठसा पुन्हा एकदा लावून ऐकला. मग म्हणाला, "मी आवाजाचा माणूस. मला ऐकू येतंय, पण मी ते म्हणणार नव्हतो."

शिंपीणबाईंना दोघांनीही काही सांगितलं नाही. ग्रुपवर फिटरने एवढंच लिहिलं, की त्यांचा त्रास वाढलाय, थोडा थोडा आपण वाटून घेऊ. येत्या रविवारी सकाळी दहाला सगळ्यांनी पंखे, रेडिओ, आवाज झाकायची असतील नसतील ती साधनं बंद करायची, आणि आपला आवाज येईल तेवढा येऊ द्यायचा. कुणी विचारलं नाही की असं कधी होतं का. "माझ्यावर दोन वाट्या घाला," कुणी लिहिलं. "माझा डावा कान रिकामाच आहे, तिकडे टाका."

रविवारी नवे ठसे निघाले. प्रत्येकाचा आवाज सुताभर चढला होता. शिंपीणबाईंचा उतरला होता.

"काय केलंत रे मेल्यांनो?" त्यांनी लिहिलं. "आज सुईत दोरा पहिल्या झटक्यात गेला."

फिटरला आपल्या माणसांचा इतका अभिमान आयुष्यात वाटला नव्हता. पण तो तीस वर्षं मुरलेला फिटर होता. भार वाटून घेतला तर बेअरिंगला मुदत मिळते, ते बरं होत नाही. पुढच्या रविवारी वाळू परत आली होती, आणि तिच्यात पहिला खडा. त्याने ठसा तीनदा ऐकला. बुधवार. फार तर बुधवारपर्यंत.

मग त्याने जे केलं ते विचार करून केलं नाही. हाताला वळण होतं. कारखान्यात असा निकाल दिला की तो स्टोअरला नव्या भागाची चिठ्ठी लिहायचा. तशीच त्याने ग्रुपवर, त्या एकत्र ठशाच्या खाली, लिहिली:

"जागा: ड्रायव्हरच्या शेजारची, वरची बाजू. जुने बेअरिंग चालत्या यंत्रातून सुखरूप काढावे. ड्रायव्हरची आणि ही, दोन्ही जागा मिळून एकच, भारी पाहून बसवावे. बेअरिंग, एक नग, नवे. निकड आहे."

लोकांना वाटलं, फिटरची गंमत. हसणारे चेहरे आले. ठसेवाल्याचा मात्र फोन आला.

"कुणाला लिहिलंत हे?"

"स्टोअरला."

"कुठल्या स्टोअरला, फिटर?"

फिटरने फोनकडे पाहिलं. चिठ्ठी किती जणांनी वाचली ते खाली दिसत होतं. एकशे एकसष्ट.

बुधवारी सकाळी नऊला शिंपीणबाईंनी लिहिलं, "थांबला."

फुलं यायला लागली. फिटर कारखान्याच्या पायऱ्यांवर बसून फोन लावत होता. वाजत राहिला. सात वेळा वाजला.

"दादा, बोलू नका," शिंपीणबाई म्हणाल्या. "थांबा जरा. ऐकतेय."

"काय?"

"काहीच नाही." त्या हसत होत्या की रडत होत्या, कळेना. "नळ गळतोय हो माझा. किती वर्षं गळत असेल मेला, देव जाणे!"

त्याने त्यांना त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवलं. गुरुवारी फोन केला, शुक्रवारी दोनदा. शनिवारी त्या म्हणाल्या, "दादा, मी ठणठणीत आहे, आता पुन्हा फोन केलात तर तुमचाच गणवेश शिवीन." फिटर मोकळं हसला. बायको दारात उभी होती, तिने येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "एक माणूस वाचवलात तुम्ही." त्याने मान हलवली. खोटा विनय त्याच्या स्वभावात नव्हता.

रविवारी सकाळी ग्रुपवर नवी बाई आली.

तिने लिहिलं होतं की आवाज तिला येत नाही. मुलीला येतो. मुलगी चार दिवसांची आहे, बुधवारी सकाळी नऊला झाली. रडत नाही, दूध पिते, डोळे उघडे ठेवून नुसती ऐकत असते. तिच्या कानाला कान लावला की आपल्यालाही ऐकू येतो. डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक आहे. इथे कुणाला काही माहीत असेल का?

खाली तिने फोन बाळाच्या कानाशी धरून घेतलेला आवाज जोडला होता.

"या, ताई," लोक लिहीत होते. "तुम्ही एकट्या नाही." "आम्ही सगळे आहोत."

ठसेवाल्याने काहीच लिहिलं नव्हतं. त्याने फक्त तो आवाज ओळीत बसवून फिटरला पाठवला होता.

फिटरने हेडफोन लावले. खड्डा नव्हता. वाळू नव्हती. आजूबाजूचे सगळे सुताभर उतरून आपापल्या जागी आले होते, आणि ते यंत्र, काय ते पुढे ढकलत होतं ते, पहिल्यापेक्षा जोरात ढकलत होतं.

मधला आवाज त्याने वेगळा काढून ऐकला. गुळगुळीत. भरीव. एक चरा नाही.

त्याने वर सरकवून आपली चिठ्ठी पुन्हा वाचली: बेअरिंग, एक नग, नवे. पण त्या बाईने विचारलं होतं, आणि विचारणाऱ्याला उत्तर द्यायचंच, हा ग्रुपचा रिवाज. तीस वर्षांत नव्या बेअरिंगवर त्याने खोटा निकाल दिला नव्हता.

"घाबरू नका, ताई," त्याने लिहिलं. "आवाज उत्तम आहे. सत्तर-ऐंशी वर्षं सहज चालेल."