तळघराची ओली भिंत

"सरक ना, मलाही ऐकू दे," ढब्बूने बहिणीला कोपर मारलं.

चिमणीने तळघराच्या भिंतीवरचा कान काढला. गाल ओला झाला होता. चार दिवस नळाला टिपूस नाही आणि भिंत मात्र घामेजलेली. आतून पुन्हा आवाज आला. टक. टक. सुट्टीत भूत शोधायची टूम ढब्बूचीच. आता त्याचीच बोबडी वळली होती.

"दुपारी सामसूम झाली की वाजतं ते," वॉचमनची बायको म्हणाली. तिची खोली तळघरातच, त्या भिंतीला लागून होती आणि पाळण्यात चार महिन्यांचं बाळ. "आत येऊ का, असं कुणी विचारल्यासारखं."

भिंतीमागून जुना ओढा जातो, हे चिमणीला ठाऊक होतं. वर इमारती उठल्या आणि तो बिचारा जमिनीखाली कोंडला गेला. दोघं मागच्या आवारात धावली. ओढा बाहेर पडतो तिथे नवंकोरं लोखंडी दार, दाराला चाक आणि शेजारी खुर्ची टाकून सेक्रेटरीकाका.

"टँकरवाल्याच्या नाकदुऱ्या किती काढायच्या? थेंबन् थेंब अडवलाय मी," काका मिशीत हसले.

"काका, डोंगरावर आभाळ काळं झालंय. ते पाणी इथेच येणार. दार उघडा, नाहीतर भिंत फुटेल."

"आधी शेंबूड पुसायला शिका."

चिमणीने रडू गिळलं. मग ढब्बूच्या कानात काहीतरी सांगून तिने त्याला पिटाळलं.

"बरं काका. पण तळघरात कुणीतरी तुमचं पाणी चोरतंय."

या वस्तीत घरात चोर शिरला तर लोक कूस बदलतील. पाणीचोर म्हटलं की अनवाणी धावतात. काकाही धावले. त्यांनी भिंतीला कान लावला. टक. मग धाडकन आवाज झाला आणि गिलाव्याचा हा एवढा पोपडा थेट पाळण्यात पडला.

पाळणा रिकामा होता. ढब्बूने बाळाला आणि त्याच्या आईला केव्हाच वर नेलं होतं.

काका पांढरेफटक पडले. धावत जाऊन चाकाला भिडले, पण चाक हलेना. दोन्ही पोरं चाकाला लोंबकळली तेव्हा कुठे दार करकरलं. पाण्याबरोबर एक ओंडका बाहेर आला. इतके दिवस तोच भिंतीवर डोकं आपटत होता. तासाभराने डोंगरावरचा लोंढा गरजत आला आणि निघून गेला.

संध्याकाळी सगळ्यांनी पोरांची पाठ थोपटली. काकांनी स्वतः पाळणा उचलून आपल्या हॉलमध्ये नेला.

"अक्कल गहाण टाकली होती मी," ते वॉचमनच्या बायकोला म्हणाले.

भिंत वाळली. तरी सुट्टीभर चिमणी रोज दुपारी खाली जायची, भिंतीवर बोटाने दोनदा टकटक करायची आणि श्वास रोखून उभी राहायची.