न खचलेली जागा

गोदामात फोर्कलिफ्ट उलटली आणि चालकाचा पाय चिरडला. फोन आला तेव्हा पोलीस निरीक्षक बाई जेवत होत्या. त्या ताटावरून उठल्या.

त्या पोचेपर्यंत जखमीला नेलं होतं. फुटलेल्या पिंपातलं पाणी गोदामभर पसरलं होतं. कोरडी होती ती फक्त पहारेकऱ्याच्या टेबलाखालची जागा. टेबलाभोवती जमिनीच्या स्लॅबला गोल तडा गेला होता आणि फोर्कलिफ्ट त्या तड्यापाशीच कलंडली होती.

पहारेकरी म्हातारा होता. टेबलाच्या तड्याबाहेर आलेल्या एका पायाखाली त्याने पुठ्ठ्याची घडी सरकवली होती.

"काका, टेबल डुगडुगतं का?"

"आधी नव्हतं. आता दरवर्षी एक घडी वाढवतो." तो जरा घुटमळला. "मॅडम, पोलीस आलेच आहेत तर विचारतो. माझा मुलगा इथल्या बांधकामावर सुपरवायझर होता. सहा वर्षांपूर्वी न सांगता निघून गेला. परदेशात पळाला म्हणतात. ठेकेदारांनी मला इथे चिकटवलं म्हणून दोन घास मिळतात. पोटच्या पोराने वाऱ्यावर सोडलं, रोज इथे बसून त्याला शिव्या घालतो. पण एकदा खरं काय ते कळू दे."

"बघते," बाई म्हणाल्या. पोलीस सगळ्यांनाच तसं म्हणतात.

तेवढ्यात दोघे आले. स्लॅबचं डिझाइन करणारा इंजिनिअर आणि बांधकामाचा ठेकेदार. दोघांची बोटं एकमेकांकडे होती.

"स्लॅब एवढा पातळ का?" बाईंनी इंजिनिअरला विचारलं.

"खालची माती भुसभुशीत आहे. म्हणून ठिकठिकाणी खोल खड्डे घेऊन त्यांत खडी ठोकून भरली. जमिनीत खडीचे खांबच म्हणा. भार आला की ते मातीबरोबर थोडे दबतात, सगळीकडे सारखे. त्या भरवशावर स्लॅब पातळ ठेवता येतो."

"मग फुटला कसा?"

"सगळाच माझ्या हिशेबापेक्षा जास्त खचलाय. खड्डे पुरेसे खोल घेतलेले नसणार."

"नाचता येईना अंगण वाकडं!" ठेकेदार उसळला. "मॅडम, त्या पळालेल्या सुपरवायझरचं शेवटचं भांडण कोणाशी झालं, ते विचारा यांना."

इंजिनिअरचा चेहरा पडला. "माझ्याशीच. खड्डे किती खोल आहेत ते मोजून सांग, म्हणून मागे लागलो होतो. दुसऱ्या दिवशी सांगतो म्हणाला. आलाच नाही."

"हे टेबल इथे कोणी मांडलं?"

"मी," ठेकेदार म्हणाला. "म्हाताऱ्याला दार जवळ पडतं."

"नकाशात इथे मालाचा रॅक होता," इंजिनिअर म्हणाला. "यांनीच मालकाला सांगून जागा मोकळी ठेवायला लावली."

बाई ठेकेदाराकडे वळल्या. "खाली सगळे खांब खडीचेच ना?"

"काळ्या दगडावरची रेघ. सिमेंटचा कणही नाही."

बाईंनी टेबल हलवलं आणि स्लॅब फोडायचा ब्रेकर मागवला. स्लॅबचा तुकडा निघाला. खाली खडी नव्हती. राखाडी, घट्ट काँक्रीट होतं, ब्रेकर त्यावर नुसता उडत होता. बाईंनी काम थांबवलं आणि म्हाताऱ्याला बाहेर जायला सांगितलं. तो गेला नाही.

"पाणी उताराकडे जातं," बाई म्हणाल्या. "टेबलाखाली गेलं नाही, कारण बाकीचं गोदाम खचलं आणि ही जागा वरच राहिली. खडीचा खांब मातीबरोबर खाली गेला असता. हा काँक्रीटचा आहे आणि तळच्या कठीण थरावर उभा आहे. एकाच खड्ड्याचे एवढे लाड का? आत काहीतरी पुरलं होतं. ती जागा कधी खचू नये, कोणी उकरू नये, म्हणून."

बाईंनी बोटाने तड्याचा गोल दाखवला.

"इंजिनिअरने पुरलं असतं तर वर खडीच ठोकली असती. दबणाऱ्या खांबांत एकच टणक ठेवला की पातळ स्लॅब त्याच्याभोवती तडकणार, हे त्याला ठाऊक आहे. काँक्रीट टाकलं की निश्चिंत, असं समजणारा इथे तुम्ही एकटेच, ठेकेदार. रॅक हटवणारेही तुम्ही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा."

ठेकेदाराने नाकारलं नाही. तो चक्क हसला.

"पूर्ण खोल खड्डा हवा होता त्याला. तेवढाच धोशा. अख्ख्या कामात एक दिला पूर्ण खोल." मग म्हाताऱ्याकडे बघून म्हणाला, "तुम्हाला नोकरी दिली. बापलेक एकत्र राहिलात. उपकार कोण लक्षात ठेवतं!"

बाईंचा हात त्याच्या थोबाडाजवळ जाऊन थांबला. त्यांनी बेड्या घातल्या, गरजेपेक्षा घट्ट.

म्हातारा ओल्या जमिनीवर बसला. त्या काँक्रीटवरून हात फिरवत राहिला.

"काल म्हणालो त्याला," तो म्हणाला. "मेलास तरी तुझं तोंड बघणार नाही, असं म्हणालो. इथेच बसून."

ब्रेकरवाल्याने बाईंकडे पाहिलं. "काका, चला, बाहेर बसू," बाई म्हणाल्या.

"नाही. चालू करा. तोंड बघायचंय मला त्याचं."

सहा वर्षांनी तोंड उरत नाही. बाईंना ते माहीत होतं, पण सांगायला जीभ रेटेना. त्यांनी ब्रेकरवाल्याला हळू चालव म्हणून खुणावलं.